पक्षाघात की मेंदूज्वर?

सायंकाळपर्यंत अंगणात खेळणारे मूल रात्री तापाने फणफणते. त्याला आकडी येते, वाचा बसते, एक हात व एक पाय लुळा पडतो, आणि पुष्कळदा दोन दिवसांच्या आत सारे संपते. घरची वडीलधारी माणसे म्हणतात, ‘अंगावरून वारे गेले’. पण पक्षाघात हे बहुधा उतारवयाचे दुखणे. ते एकाच पावसाळ्यात गावोगावच्या मुलांना कसे गाठते? या प्रश्नाला इतिहास आहे, आणि त्यात आमच्या रायपूरचेही एक पान आहे.

1965 साली नागपुरात तापाची साथ असताना, पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील भट्ट व रॉड्रिग्ज यांना दोन रुग्णांच्या रक्तात एक अपरिचित विषाणू आढळला. त्याला ‘चांदीपुरा’ हे तिकडच्याच एका खेड्याचे नाव मिळाले. पुढे 1980 साली, तेव्हाच्या मध्य प्रदेशातील रायपूर येथे, मेंदूच्या तीव्र विकाराच्या रुग्णांत तोच विषाणू सापडला. हा इशारा किती गंभीर होता, हे कळण्यास तेवीस वर्षे जावी लागली.

2003 साली आंध्र प्रदेशात 329 मुले आजारी पडली. त्यांतील 183 दगावली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला रुग्णांत चांदीपुरा विषाणू आढळला आणि तिने या व्याधीला मेंदूज्वर म्हटले. काही डॉक्टरांचे मत निराळे पडले. मुलांच्या पाठीच्या कण्यातील द्रवात दाहाच्या पेशी फारशा नव्हत्या. उलट मेंदूच्या चित्रांत रक्तपुरवठा खंडित झाल्याच्या खुणा होत्या. म्हणून त्यांनी तिला ‘मेंदूवरील आघाताची साथ’ म्हटले.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. सरकारी नोंदवहीत ‘पक्षाघात’ एवढेच लिहिले, तर मृत्यू त्या एका घराचे दुर्दैव ठरतो आणि कागद मिटतो. ‘संसर्ग’ असे लिहिले, की रक्ताचे नमुने पाठवावे लागतात, भिंतींच्या भेगांत आणि गोठ्याच्या ओलाव्यात राहणाऱ्या वाळूमाशीवर फवारणी करावी लागते, शेजारच्या मुलांकडे लक्ष ठेवावे लागते. या रोगावर अजून खास औषध नाही, लसही नाही. 2024 साली गुजरातेत तो पुन्हा उद्भवला.

तेव्हा तापासोबत आकडी आली किंवा अंग लुळे पडले, तर वारे उतरण्याची वाट पाहू नये. मुलास तत्काळ रुग्णालयात न्यावे, आणि आधी ताप होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. त्या एका वाक्याने नोंद बदलते, आणि नोंदीने कदाचित शेजारचे मूल वाचते.