गाभण की भाकड?

२०१३ च्या उन्हाळ्यात भीमेच्या खोऱ्यातील एका दुष्काळी तालुक्यात जनावरांच्या छावण्यांवर देखरेख ठेवण्याचे काम माझ्याकडे होते. छावणीत येणाऱ्या प्रत्येक जनावराची नोंद एका रजिस्टरात होत असे आणि त्या रजिस्टरात जनावरांसाठी दोनच रकाने होते : मोठी जनावरे आणि लहान जनावरे. चारा त्या हिशेबाने मिळे, अनुदानही त्याच हिशेबाने. एके दिवशी सकाळीच एक वृद्ध शेतकरी माझ्यापुढे येऊन उभा राहिला. आपली म्हैस छावणीतून सोडवून त्याला बाजारात न्यावयाची होती. म्हैस भाकड झाली, वर्षभर माजावर आलेली कोणी पाहिली नाही, आता तिला पोसून काय करायचे, असा त्याचा सरळ सवाल. योगायोगाने पशुवैद्यक डॉक्टर त्या वेळी छावणीत होते. त्यांनी खांद्यापर्यंत पोहोचणारा मोजा हातात चढविला, म्हशीच्या गुदमार्गातून हात आत घातला, काही क्षण डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले, "बाबा, ही चार महिन्यांची गाभण आहे. कुठं विकायला निघालात?"

म्हातारा मटकन खाली बसला. रानात चरताना केव्हा तरी रेडा लागला असावा. त्याचा पत्ता धन्याला नव्हता. म्हशीचा माज पुष्कळदा मुका असतो, ती हंबरत नाही की उड्या मारीत नाही, हे जाणत्या माणसालाही फसविते. डॉक्टर आले नसते तर पोटातल्या रेडकासह ती म्हैस भाकड म्हणून विकली गेली असती, आणि माझ्या रजिस्टरात एक मोठे जनावर कमी झाले असते, इतकेच.

श्रोतेहो, जनावर गाभण आहे की भाकड, हा प्रश्न गुरे पाळण्याइतकाच जुना आहे. त्याचे वेळेवर मिळणारे उत्तर मात्र फार अलीकडचे आहे. त्या मधल्या काळाविषयी आज थोडे सांगावयाचे आहे.

प्रारंभ आमच्याच व्यवसायातील एका पूर्वसूरीपासून करतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्राची हस्तलिखित प्रत म्हैसूरच्या ग्रंथालयात शामशास्त्री यांच्या हाती आली आणि १९०९ साली त्यांनी ती छापून प्रसिद्ध केली. त्या ग्रंथाच्या दुसऱ्या अधिकरणात गोऽध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगितली आहेत. एका राखणदाराकडे शंभर जनावरांचा कळप द्यावयाचा तर त्यात म्हाताऱ्या गाई, दुभत्या गाई, गाभण गाई, पहिलटकरणी आणि कालवडी यांचे सारखे भाग असावेत, असे तेथे म्हटले आहे. वासरू महिना-दोन महिन्यांचे झाले की त्याला डाग द्यावा. त्याची खूण, रंग आणि दोन शिंगांतील अंतर यांची नोंद करावी. वर्षाच्या ज्या भागात एकदाच धार काढावयाची त्या काळात कोणी दोनदा काढील, तर त्याचा अंगठा तोडावा, असाही दंड आहे. आमच्या सेवानियमांत ही तरतूद उतरली नाही हे बरेच झाले. पण मला खरे आश्चर्य वाटते ते रकान्यांचे. गाभण, दुभती, अजून न व्यालेली, वांझ असे वेगवेगळे वर्ग त्या जुन्या राजदरबारी हिशेबात आहेत, आणि एकविसाव्या शतकातील माझ्या छावणीत 'मोठे' आणि 'लहान' एवढेच होते.

कौटिल्याचे वर्गीकरण कारभाऱ्याचे. अमरकोशात भाषेचे आहे, आणि ते याहून सूक्ष्म आहे. वैश्यवर्गात गाईच्या एकेका अवस्थेला एकेक स्वतंत्र शब्द आहे. गर्भधारणेला योग्य झालेली ती काल्या किंवा उपसर्या. वळूचा संग झालेली ती संधिनी. कोवळ्या वयात गाभण राहिलेली ती प्रष्ठौही. नुकतीच व्यालेली ती धेनू, आणि व्याल्याला फार दिवस लोटले ती बष्कयणी. गर्भ स्रवला तिला एक नाव आहे, अवतोका. आणि जी गर्भाचा घात करते तिला दुसरे, वेहत्. एकदा काही अपघाताने गाभडलेली गाय वेगळी आणि पुनःपुन्हा गाभडणारी वेगळी, हा भेद आपल्या पूर्वजांच्या ध्यानात आला असला पाहिजे. एरवी दोन शब्द झाले नसते. या सर्वांत मला अतिशय आवडणारा शब्द आहे समांसमीना : जी दर वर्षी विते ती. हा शब्द कसा सिद्ध होतो हे सांगण्यासाठी पाणिनीला स्वतंत्र सूत्र करावे लागले, यावरून तो बोलण्यात किती रुळलेला असेल याची कल्पना यावी. आजचा दुग्धशास्त्रज्ञ दोन वेतांतील अंतर बारा-तेरा महिन्यांवर आणा म्हणून शेतकऱ्यांना सांगत असतो. तो समांसमीनाच मागत असतो.

पण शब्द आणि ज्ञान यांत एक अंतर आहे. गाय गाभडली म्हणजे मग ती अवतोका. गाभडण्यापूर्वी तिच्या पोटात काय चालले आहे ते शब्दाला कळत नाही. गाई साधारणतः एकवीस दिवसांनी माजावर येतात. भरविल्यानंतर ती पुन्हा माजावर आली, म्हणजे आपल्याकडच्या बोलीत उलटली, तर फळली नाही, आणि न उलटली तर फळली असावी, एवढाच शेतकऱ्याचा ठोकताळा. पण न उलटण्याची कारणे पुष्कळ असतात. उपासमारीने अंडकोशाचे काम थांबलेले असते, गर्भाशयात पू झालेला असतो, किंवा माज मुका असतो. पाच-सहा महिन्यांनी उजव्या कुशीवर मूठ दाबली म्हणजे आतला गर्भ हाताला लागतो. पण गाईचा गर्भकाळच सुमारे २८० दिवसांचा आणि म्हशीचा ३१० च्या आसपास. अर्धे दिवस अंधारात गेले. रिकामी गाय त्या दिवसांत फुकट खाते, आणि गाभण गाय भाकड म्हणून उपाशी राहते किंवा विकली जाते.

खेड्यात या अज्ञानाची झळ हळू लागे. शहरात ते अज्ञानच धंद्याचा पाया झाले. मुंबईच्या तबेल्यांची हकीकत जुन्या लोकांना ठाऊक आहे. नुकतीच व्यालेली उत्तम म्हैस गुजरातेतून किंवा उत्तरेकडून आगगाडीने मुंबईस यावयाची. जागेचे भाडे आणि विकतचा चारा इतका महाग की दूध देत आहे तोवरच ती परवडे. तिचे रेडकू दुधावाचून मरे. दूध आटले म्हणजे तिला पुन्हा भरवून पुढील वेतापर्यंत सांभाळण्यापेक्षा खाटकाला विकणे आणि दुसरी ताजी म्हैस आणणे स्वस्त पडे. एका वेतात ती संपली. ती गाभण आहे काय, हे विचारणेच तेथे परवडत नव्हते. देशातील निवडक दुभत्या म्हशींचा वंश अशा रीतीने वर्षानुवर्षे शहरांच्या पोटात गेला. १९४९ साली आरे येथे दुग्धवसाहत स्थापन होऊन शहरातील म्हशी बाहेर नेण्याचा उद्योग सुरू झाला, त्यामागे स्वच्छतेचा विचार होता तसा हाही होता.

कलकत्त्याच्या गोठ्यांतील प्रकार याहून भयंकर. वासरू मेले म्हणजे गाय पान्हा चोरते. तिने पान्हा सोडावा म्हणून तिच्या योनीमार्गात नळीने हवा फुंकीत. याला फुका म्हणत. त्यातील शरीरशास्त्र आज आपल्याला कळते. प्रसूतीच्या वेळी त्या मार्गावर जसा ताण येतो तसा ताण आला की मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून ऑक्सिटोसिन हे द्रव्य रक्तात उतरते आणि कास मोकळी होते. म्हणजे आपण व्यालो अशी गाईची फसवणूक करून दूध काढावयाचे. त्याने मार्गाला इजा होई, आत रोगबीज शिरे, आणि अशी गाय पुढे फळण्याची आशा उरत नसे. १८९० च्या प्राणिक्रौर्यविषयक कायद्यात फुक्याचे नाव घेऊन तो गुन्हा ठरविला आहे, आणि १९६० च्या कायद्यातही ते नाव आहेच. सत्तर वर्षांनंतर तोच शब्द पुन्हा कायद्यात घालावा लागला, यातून काय ते समजावे. त्यानंतर नळी गेली आणि ऑक्सिटोसिनचीच सुई आली, तेव्हा इंजेक्शनाचाही उल्लेख कायद्यात करावा लागला.

गांधीजींनी दूध सोडले ते १९१२ साली, दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर असताना. ब्रह्मचर्याचा विचार त्यात होता. पण गाई-म्हशींच्या छळाचे वर्णन करणारे कलकत्त्याहून आलेले साहित्यही त्यांच्या वाचनात आले होते. पुढे १९१८ साली आमांशाने ते मरणाच्या दारी गेले, तेव्हा मुंबईचे डॉ. दलाल यांनी दूध घेण्याचा आग्रह धरला. गांधीजींनी फुक्याचे कारण सांगितले. त्यावर जवळ उभ्या असलेल्या कस्तुरबा म्हणाल्या की, मग शेळीच्या दुधाला तर हरकत नसावी. शेळीच्या दुधाची ती प्रसिद्ध कथा सर्वांना ठाऊक असते. तिच्या मुळाशी गाईच्या गर्भमार्गाचा छळ होता हे सहसा कोणी सांगत नाही.

आता उत्तराकडे वळू. या विद्येचे पहिले साधन म्हणजे पशुवैद्याचा हात. गाईचे गर्भाशय गुदाशयाच्या खालीच असते. मधल्या पातळ भिंतीतून ते बोटांनी चाचपता येते. दीड-दोन महिन्यांनी एका बाजूचे शिंग, म्हणजे गर्भाशयाची शाखा, फुगलेली व पाण्याने भरलेली लागते. बोटांच्या चिमटीतून गर्भाचे आवरण निसटते. तीन-चार महिन्यांनी वारेच्या गाठी लागतात आणि गर्भाशयाच्या रोहिणीत एक विशिष्ट थरथर जाणवते. हे पुस्तकातून येत नाही. शेकडो गाई तपासल्यावर बोटांना डोळे येतात. मुंबईस परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात १८८६ पासून विद्यार्थी घडत आले; पण सरकारी पशुवैद्याचे मुख्य काम दीर्घकाळ साथीच्या रोगांचेच राहिले. गाईच्या गर्भाकडे पाहण्यास त्याला सवड नव्हती आणि तसे कोणी बोलावीतही नव्हते.

वेहत् गाईचे रहस्य डेन्मार्कात उलगडले. बर्नहार्ड बांग या शास्त्रज्ञाने १८९७ साली गाभडणाऱ्या गाईंत एक जंतू दाखवून दिला. पुढे १९१८ साली ॲलिस इव्हान्स या अमेरिकन विदुषीने दाखविले की, डेव्हिड ब्रूसला १८८७ साली माल्टात तापाच्या रोग्यांत सापडलेला जंतू आणि बांगचा जंतू हे एकाच कुळातील आहेत. गोठ्यात पडलेला गर्भ आणि वार उघड्या हातांनी उचलणाऱ्या माणसाला महिनोन्‌महिने ताप का येतो, याचा उलगडा त्यातून झाला. आपल्याकडे ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना व पारड्यांना याची लस टोचण्याचा राष्ट्रव्यापी कार्यक्रम २०१९ साली सुरू झाला. बांगनंतर शंभराहून अधिक वर्षांनी, पण झाला.

हाताची खरी गरज निर्माण केली ती कृत्रिम रेतनाने. डेन्मार्कात १९३६ साली शेतकऱ्यांनी त्यासाठी सहकारी संस्था काढली. आपल्या देशात १९३९ साली म्हैसूरच्या राजवाड्याच्या गोशाळेत संपत कुमारन यांनी हा प्रयोग केला, आणि १९४२ साली इज्जतनगरच्या संस्थेत त्याचे शास्त्रशुद्ध संशोधन सुरू झाले. ज्या नगरीने कौटिल्याचा गोऽध्यक्ष पुन्हा उजेडात आणला तिथेच हे घडावे, हा योगायोग मला सुखावतो. कृत्रिम रेतनाने केवळ वळू बदलला नाही. वळू कळपात असताना तारीख कोणी पाहत नसे. आता तारीख वहीत लिहिली जाऊ लागली, आणि तारीख असली की दोन-तीन महिन्यांनी येऊन गाय तपासणे हे ओघाने आले. न फळलेली गाय सहा महिने वाट न पाहता पुन्हा भरविता येऊ लागली.

पुढचा भाग मी लवकर उरकतो. १९७१ साली इंग्लंडात लेंग आणि हीप यांनी दाखविले की, भरविल्यापासून तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस दुधातील प्रोजेस्टेरॉन मोजून गाय फळली की नाही याचा अंदाज बांधता येतो. नंतरच्या दशकात ध्वनिलहरींचे यंत्र गोठ्यात आले आणि महिन्याच्या आत-बाहेर गर्भाच्या हृदयाची धडधड पडद्यावर दिसू लागली. इतक्या कोवळ्या अवस्थेत पुष्कळ गर्भ आपोआप जिरूनही जातात. म्हणून एकदा 'होय' मिळाले तरी पुन्हा तपासावे लागते. खेड्यातल्या गोठ्यात तर आजही डॉक्टरचा हातच पोहोचतो.

तो हात दारापर्यंत नेण्याचे मोठे काम महाराष्ट्रात उरुळीकांचनला झाले. १९४६ साली गांधीजींनी तेथे निसर्गोपचार आश्रम सुरू केला आणि मणिभाई देसाईंना मागे ठेवले. मणिभाईंनी गीर गाईंचा कळप वाढविला, आणि १९६७ साली बाएफ ही संस्था उभी केली. तिचा कार्यकर्ता गोठ्यात जाऊन गाय भरवितो, तारीख लिहितो आणि काही महिन्यांनी परत येऊन ती गाभण आहे का ते पाहतो. फुक्यामुळे दुधाचा वीट आलेल्या माणसाच्या शिष्याने हे करावे, याला काय म्हणावे ते मला सुचत नाही.

छावणीतली ती म्हैस त्या वर्षी विकली गेली नाही. मी रजिस्टरातील तिच्या नोंदीपुढे, कडेच्या मोकळ्या जागेत, तांबड्या शाईने 'गाभण' असे लिहिले, आणि डॉक्टरांकडून तपासून घेऊन आणखी काही जनावरांपुढेही तसेच लिहिले. पुढील वर्षी लेखापरीक्षण झाले तेव्हा त्या पानांवर आक्षेप निघाला : विहित नमुन्यात नसलेल्या नोंदी कोणत्या आदेशान्वये घेतल्या, याचा खुलासा करावा. खुलासा मी केला. त्यात अर्थशास्त्राचा हवाला मात्र दिला नाही.