अभिजात मोटारींचे पुनर्रंगकाम

अभिजात मोटारींचे पुनर्रंगकाम म्हणजे जतन करण्याजोग्या जुन्या मोटारीवरील जीर्ण रंगलेप दुरुस्त करणे किंवा तो काढून नवा देणे. या कामात रंगछटेइतकेच लेपाच्या प्रकाराला महत्त्व असते. मूळ लेप एकदा खरवडून काढला की तो पुन्हा मिळवता येत नाही. म्हणून शक्य असेल तेथे स्वच्छता, पॉलिश व स्थानिक डागडुजी यांना प्राधान्य दिले जाते.

लेपांचे प्रकार

विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारींना तेलरंग व व्हार्निश यांचे अनेक थर ब्रशने दिले जात आणि हे काम आठवडेच्या आठवडे चाले. १९२३ मध्ये ड्यू पाँट कंपनीचा ‘ड्यूको’ हा नायट्रोसेल्युलोज लॅकर जनरल मोटर्सच्या ओकलंड मोटारींवर वापरला गेला आणि वाळण्याचा काळ काही तासांवर आला. भारतात फवाऱ्याने दिलेल्या रंगाला आजही ‘ड्यूको’ म्हटले जाते.

लॅकर द्रावक उडून गेल्याने वाळतो. त्यामुळे नवा थर जुन्यात मिसळतो व घासून चमकवणे सोपे जाते. मात्र कालांतराने तो निस्तेज होतो आणि त्याला भेगा पडतात. अल्किड एनॅमल हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन कडक होते. द्विघटकी पॉलियुरेथेन रंगात हार्डनर मिसळावा लागतो. तो ऊन, पाणी व इंधन यांना अधिक दाद देत नाही. रंगाच्या थरावर पारदर्शक थर देण्याची पद्धत १९८० च्या दशकात रूढ झाली.

निवड

पारदर्शक थराची काचेसारखी झळाळी १९३० च्या दशकातील मोटारीवर विसंगत दिसते. प्रदर्शनीय मोटारीसाठी काळाला अनुरूप लॅकर, तर नियमित वापराच्या मोटारीसाठी एकथरी द्विघटकी रंग देऊन सौम्य पॉलिश करणे हा मध्यममार्ग ठरतो.

जुना लेप ओळखण्यासाठी नजरेआडच्या भागावर थिनरमध्ये भिजवलेले कापड घासतात. रंग सहज विरघळल्यास तो बहुधा लॅकर असतो. एनॅमलवर थेट लॅकर दिल्यास त्यातील तीव्र द्रावकामुळे खालचा थर फुगून सुरकुततो.

कामाचे टप्पे

प्रथम मेण, तेल व सिलिकोन यांचे अंश पुसून काढतात. ते राहिल्यास रंगात खळगे पडतात. गंज काढून उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर देतात. लांबी भरून सपाट केलेल्या जागेवर पुन्हा प्रायमर मारतात. प्रायमर ४०० ते ६०० क्रमांकाच्या कागदाने घासून रंगाचे पातळ थर फवारतात. दोन थरांमध्ये द्रावक उडण्यास अवकाश न दिल्यास बारीक फोड येतात. पूर्ण वाळल्यावर १५०० ते २००० क्रमांकाच्या कागदाने पाण्यासह घासून पॉलिश करतात.

दमट हवेत लॅकरवर पांढुरकी झाक येते: द्रावक वेगाने उडताना पृष्ठभाग थंड होतो व त्यावर बाष्प जमते. त्यामुळे पावसाळ्यात हे काम टाळतात किंवा सावकाश उडणारा थिनर वापरतात.

सुरक्षितता

द्विघटकी रंगांच्या हार्डनरमधील आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो. त्यासाठी साधा कापडी मुखपट्टा निरुपयोगी असून बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा, हातमोजे व हवेशीर फवारणीकक्ष आवश्यक असतो. नायट्रोसेल्युलोज लॅकर अतिज्वालाग्राही असल्याने जवळपास ठिणगी वा ज्योत वर्ज्य असते. जुन्या रंगांत शिसे असू शकते. म्हणून ते कोरडे घासत नाहीत.