पद्मिनीचं बॉनेट उघडलं की

वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी फियाट १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने विकली जाऊ लागली. १०८९ सीसीचं इंजिन आणि स्टिअरिंगखाली गिअरचा दांडा. सेकंडहँड पद्मिनी घेणाऱ्याला आम्ही मिस्त्री लोक आधी एकच सांगायचो, गालिचा उचलून बघा. मुंबईच्या पावसात फ्लोअरचा पत्रा सडतो, आणि खरा खर्च तिथंच. वेल्डिंग, डेंटिंग, पेंटिंग यांत मालकाचा खिसा रिकामा व्हायचा.

बाकीची दुखणी स्वस्तातली. गिअरच्या दांड्याचे बुश झिजले की गिअर अडकायचा; बुश चिल्लर पैशांत मिळायचे. इग्निशनचे पॉइंट जळले तर पॉलिश पेपरने घासून फीलर गेजने गॅप लावायचा. मे महिन्यात ट्रॅफिकमध्ये पेट्रोलची पंपातच वाफ व्हायची आणि गाडी बंद पडायची. पंपावर ओलं फडकं ठेवायचं, जरा थांबायचं, मग सेल्फ मारायचा. सायलेन्सरमधून निळा धूर आला, तर मात्र बोअर, पिस्टन, रिंगा असं मोठं काम निघायचं.

कारखान्यातलं उत्पादन थांबल्यावरही कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने पार्ट मिळत राहिले, म्हणून टॅक्सीवाल्यांनी ही गाडी सोडली नाही. २० वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. रस्त्याच्या कडेला, साध्या पान्यांनी दुरुस्त होणाऱ्या या गाडीने शहरातल्या हजारो घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या. मुंबईच्या इतिहासात तिची नोंद कामगाराला द्यावा तशा मानाने व्हायला हवी.