माळरान ओलांडून आलेली नौका

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, यॉर्कशायर परगण्यांत, रॉबिन हूड्स बे नांवाचें एक जुनें कोळ्यांचें खेडें आहे. पुढें उत्तर समुद्र आणि मागें दूरवर पसरलेलें उंच माळरान, अशी त्याची स्थिति. हें माळरान पाहून कोंकणांतील सड्याची आठवण व्हावी. मात्र येथें हेदर नांवाचें खुजें झुडूप वाढतें, आणि ऑगस्ट महिन्यांत सारा माळ जांभळ्या फुलांनीं भरून जातो. लोककथांतील रॉबिन हूड येथें कधीं आला होता यास कसलाहि पुरावा नाहीं. नांव मात्र गांवास चिकटलें तें चिकटलेंच.

माळावरून येणाऱ्या प्रवाशास प्रथम पायांखालीं तांबड्या कौलांचीं छपरें दिसतात. तेथून लागणारी उतरण इतकी उभी कीं, ती समुद्राकडे जाणारा जिनाच वाटावी. दोहों बाजूंस एकमेकांस बिलगलेलीं घरें, मधून अरुंद बोळी, आणि गांवाखालून बोगद्यांतून वाहत समुद्रास मिळणारा ओढा. अठराव्या शतकांत ह्या बोळींतून चहा, ब्रँडी, तंबाखू यांचा चोरटा व्यापार चाले. रेशमाचा गठ्ठा किनाऱ्यावरून निघाला तर उघड्यावर न येतां घरांघरांतून गांवाच्या माथ्यावर पोहोंचे, असें गांवकरी परंपरेनें सांगत आले आहेत. सरकारी अंमलदारांस माळ आडवा येई आणि गांवास तोच माळ तटबंदीसारखा उपयोगीं पडे. 1784 मध्यें पार्लमेंटनें चहावरील जकात शेंकडा 119 वरून साडेबारावर आणली, तेव्हां चोरट्या चहांतील नफा सरला.

समुद्र मात्र आपली जकात घेतच राहिला. येथील कडे बहुतांशीं चिकणमातीचे असल्यानें लाटांपुढें टिकाव धरीत नाहींत. 1780 मध्यें गांवांत येणारा जुना रस्ता व त्याच्या कडेचीं घरें दरडीबरोबर कोसळलीं.

अशा ह्या गांवाची खरी परीक्षा 18 जानेवारी 1881 रोजीं झाली. हिमवादळ चालू असतां ‘व्हिजिटर’ नांवाचें गलबत उपसागरांत संकटांत सांपडलें व त्यावरील खलाशी जहाजाच्या लहान होडींत जीव मुठींत धरून बसले. किनाऱ्यावरून ते दिसत होते. परंतु त्या खवळलेल्या समुद्रांत लोटतां येईल अशी एकहि नौका गांवापाशीं नव्हती. गांवच्या धर्मोपदेशकानें व्हिटबी बंदरास तार केली. व्हिटबीची जीवरक्षक नौका समुद्रमार्गें येणें अशक्य होतें. मग ती जमिनीवरून आणावयाचें ठरलें.

अंतर 6 मैल. रस्ता 500 फूट उंचीपर्यंत चढणारा. त्यावर बर्फाचे 7 फुटी ढीग. नौका गाडीवर चढविली, तिला 18 घोडे जुंपले, आणि सुमारें 200 माणसें पुढें बर्फ उपसूं लागलीं. इकडून रॉबिन हूड्स बेचे लोकहि फावडीं घेऊन वाट मोकळी करीत त्यांच्या दिशेनें निघाले. शेवटीं त्या उभ्या, अरुंद उतरणीवरून ती अवजड नौका दोर धरून खालीं आणली. व्हिटबी सोडल्यापासून दोन तासांत ती पाण्यांत लोटली गेली.

तिचा तांडेल होता हेन्‍री फ्रीमन. वीस वर्षांपूर्वीं, 9 फेब्रुवारी 1861 रोजीं, व्हिटबीचीच जीवरक्षक नौका उलटून तींतील तेरांपैकीं बारा जण बुडाले होते. नव्या पद्धतीचें बुचाचें जाकीट अंगांत असल्यानें एकटा फ्रीमन वांचला होता. समुद्र काय करूं शकतो हें त्याच्याइतकें कोणास ठाऊक असणार? तरीहि तो सुकाणूपाशीं बसला. पहिल्या खेपेस लाटेनें वल्हीं मोडलीं आणि नौका परत फिरली. नवीं वल्हीं व आणखी माणसें घेऊन ती पुन्हां निघाली, आणि त्या खेपेस सर्व खलाशी जिवंत किनाऱ्यास आले.

पुढें 1885 मध्यें येथें आगगाडी आली; 1965 मध्यें ती बंदहि झाली. 1975 मध्यें कड्याच्या पायथ्याशीं सुमारें 40 फूट उंचीची भिंत बांधून गांवास आधार देण्यांत आला. आतां येथें कोळी थोडे व सुटी घालविण्यास आलेले पाहुणे फार.

गांवाच्या माथ्यावर रस्त्याकाठीं 1881 च्या त्या दिवसाचें स्मारक आहे. खालचें सुंदर दृश्य पाहण्याच्या उत्सुकतेंत तें नजरेंतून निसटूं नये. तेथें थांबून प्रवाशानें एकदां मागें वळून माळाकडे पाहावें. जो माळ पिढ्यान्‌पिढ्या गांवास जगापासून दूर ठेवीत आला, त्यावरूनच त्या दिवशीं दोन्ही टोकांनीं माणसांनीं वाट खणली. आणि ज्यांच्यासाठीं खणली त्यांचीं नांवेंहि खणणाऱ्यांपैकीं अनेकांस ठाऊक नव्हतीं.