सर्व्हर मुंबईत, पडदा रत्नागिरीत

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि मुंबई-पुण्यातले कितीतरी चाकरमानी लॅपटॉप घेऊन गावी आले. रत्नागिरी, लांजा, देवरूखकडच्या घरांत माजघरात, पडवीत टेबलं लागली. ज्यांचं काम युनिक्स किंवा लिनक्सच्या सर्व्हरवर चालतं, त्यांची यंत्रं मात्र जागची हलली नाहीत. सर्व्हर मुंबईत, बंगळुरात, नाहीतर पार परदेशात; इथे आला तो फक्त त्याचा पडदा. खिडक्या, मेन्यू, माउसचा बाण, सगळं तिकडचं, दिसतं मात्र इकडे.

या सोयीमागे दोन घराणी आहेत. एक अमेरिकेतल्या एमआयटीचं, दुसरं इंग्लंडमधल्या केंब्रिजचं. पहिल्याचा मान मोठा आहे. पण जिथे पावसाळ्यात लाइट आणि लाइन कधी जाईल याचा भरवसा नाही, त्या आपल्या किनाऱ्याला दुसऱ्याने जास्त दिलं, असं माझं ठाम मत आहे.

दूर बसून काम करणं युनिक्सला नवं नव्हतं. बेल लॅब्जमध्ये १९६९ मध्ये त्याची सुरुवात झाली तेव्हापासून माणूस टर्मिनलवर आणि यंत्र दुसऱ्या खोलीत, ही रीत होतीच. अक्षरांचं ओझं कमी. ८० अक्षरांच्या २४ ओळी म्हणजे अख्खा पडदा १,९२० अक्षरांचा. मंद लाइनवरूनही तो सहज येतो. १९८०च्या दशकाच्या अखेरीस नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटरने देशभरची जिल्ह्यांची ठिकाणं ‘निकनेट’च्या उपग्रह-जाळ्याने जोडली, तीही अशाच आकड्या-अक्षरांच्या देवघेवीसाठी. अडचण आली ती पडद्यावर चित्रं आली तेव्हा.

मे १९८३ मध्ये एमआयटीने ‘प्रोजेक्ट अथेना’ सुरू केला. डीईसी आणि आयबीएम या दोन कंपन्यांच्या मदतीने विद्यार्थ्यांसाठी आवारभर संगणक बसवायचे होते. यंत्रं वेगवेगळ्या घडणीची, आणि कुठल्याही यंत्रावरचा प्रोग्राम कुठल्याही पडद्यावर दिसायला हवा होता. त्याच सुमारास एमआयटीच्याच संगणकशास्त्र प्रयोगशाळेत बॉब शाइफ्लर यांनाही खिडक्यांची व्यवस्था हवी होती. स्टॅनफर्डच्या पॉल असेंट आणि ब्रायन रीड यांनी ‘डब्ल्यू’ नावाची व्यवस्था युनिक्सवर आणलेली होती. शाइफ्लर यांनी ती घेतली, तिचा गाभा बदलला आणि १९ जून १९८४ रोजी सहकाऱ्यांना कळवलं की नवी व्यवस्था तयार आहे. डब्ल्यूच्या पुढचं अक्षर म्हणून नाव ‘एक्स’. अथेनाचे जिम गेटिस पुढे त्यांचे जोडीदार झाले. १५ सप्टेंबर १९८७ रोजी अकरावी आवृत्ती आली आणि आजही एक्स म्हणजे ‘एक्स ११’च.

एक्सची कल्पना अशी, की दूरच्या प्रोग्रामने चित्र पाठवायचंच नाही, चित्र कसं काढायचं ते सांगायचं. इथे रेघ ओढ, तिथे अमुक अक्षर लिही, ही खिडकी वर आण. काढण्याचं काम माणसासमोरचं यंत्र करतं, म्हणून एक्सच्या हिशेबात सर्व्हर ठरतो तो आपल्या टेबलावरचा संगणक आणि दूरचा प्रोग्राम त्याचा ग्राहक. ‘डिस्प्ले’ नावाच्या चलात आपल्या यंत्राचा पत्ता लिहिला की तिकडच्या प्रोग्रामची खिडकी इकडे उघडते. १९८७ साली हे विलक्षण होतं, आणि एकाच इमारतीतल्या वेगवान तारेवर ते आजही सुरेख चालतं.

लांबच्या तारेवर मात्र तेच अडखळतं. फोनवरून एखाद्याला रांगोळी काढायला सांगावी आणि प्रत्येक रेघेनंतर ‘झालं, पुढे?’ ऐकू येईपर्यंत थांबावं, तसं. एक्सचे प्रोग्राम पडद्याला सारखे प्रश्न विचारतात आणि कित्येकदा उत्तर येईपर्यंत थांबून राहतात. भूस्थिर उपग्रह ३६,००० किलोमीटर वर असतो. त्याच्यामार्फत सवाल-जवाबाच्या एका फेरीला अर्धा सेकंद लागतो. खिडकी उघडताना अशा ४०० फेऱ्या लागल्या असं धरलं, तर तीन मिनिटांहून जास्त वेळ नुसता वाट पाहण्यात गेला. तार कितीही रुंद केली तरी हा वेळ वाचत नाही, कारण अडचण अंतराची आहे.

दुसरी खोट मला याहून गंभीर वाटते. जोडणी तुटली की दूरचा प्रोग्राम सहसा मरतो. त्याचा पडदाच नाहीसा झालेला असतो. तासाभराचं अर्धवट काम, उघड्या फायली, सगळं गेलं.

दुसरं घराणं वेगळ्या वाटेने गेलं. केंब्रिजमध्ये अँडी हॉपर यांनी १९८६ मध्ये ऑलिवेत्ती कंपनीसाठी प्रयोगशाळा उभी केली होती. तिथे ‘व्हिडिओटाइल’ नावाचं एक उपकरण बनलं: सपाट पडदा, लेखणी आणि जाळ्याची वेगवान जोडणी. त्यात विशेष अक्कल नव्हती. दूरच्या यंत्राने तयार पडद्याचं चित्र पाठवायचं, याने दाखवायचं. या प्रयोगातून ट्रिस्टन रिचर्डसन, क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर, केनेथ वुड आणि हॉपर यांचं ‘व्हर्च्युअल नेटवर्क कम्प्युटिंग’, म्हणजे व्हीएनसी, घडलं. त्यांचा लेख १९९८च्या सुरुवातीला प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी प्रोग्राम मूळ कोडसकट सर्वांना मोफत मिळाला. यातले स्टॅफर्ड-फ्रेझर म्हणजे केंब्रिज विद्यापीठात १९९१ मध्ये कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा लावणाऱ्यांपैकी एक. कॉफी उरली आहे का, हे जागेवर बसून कळावं एवढाच हेतू होता. तो जगातला पहिला वेबकॅम मानतात. दूरची वस्तू जशी आहे तशी बघायची, ही ओढ दोन्हीकडे एकच.

चित्रच पाठवण्याची कल्पना तशी जुनी. ९ डिसेंबर १९६८ रोजी डग्लस एंगलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोत माउस आणि खिडक्यांचं प्रात्यक्षिक दाखवलं तेव्हा संगणक सुमारे ५० किलोमीटरवर मेन्लो पार्कला होता आणि त्याचा पडदा मायक्रोवेव्हवरून सभागृहात येत होता. पण टीव्हीसारखा अखंड प्रवाह सामान्य तारेला झेपत नाही. १,०२४ गुणिले ७६८ ठिपके, ठिपक्याला दोन बाइट, म्हणजे एक पडदा पंधरा लाख बाइटच्या वर जातो. ५६ केबीपीएसच्या मोडेमवर तो यायला पावणेचार मिनिटं लागतील.

व्हीएनसीने यावर शोधलेली युक्ती साधी आहे आणि म्हणूनच टिकली. पडद्याचा जेवढा भाग बदलला तेवढाच आयत पाठवायचा, तोही दाबून. आणि तो पाहणाऱ्याने मागितल्यावरच. लाइन मंद असेल तर मागणी उशिरा जाते, मधली चित्रं आपोआप गाळली जातात आणि हाती येतो तो ताजा पडदा. पाहण्याचा प्रोग्राम तर इतका लहान, की विंडोजवरची त्याची आवृत्ती सुमारे १५० केबीची होती आणि फ्लॉपीवरून चालायची.

खरी देणगी मात्र वेगळी आहे. व्हीएनसीचा डेस्कटॉप सर्व्हरवरच राहतो, पाहणाऱ्याच्या यंत्रात काहीच साठत नाही. तुम्ही खिडकी बंद करा, लॅपटॉप बदला, लाइन तुटू द्या. परत जोडलात की बाण जिथे होता तिथेच. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं आणि दापोली-मंडणगडकडच्या गावांत कित्येक दिवस ना वीज होती ना फोन. अशा वेळी एक्सच्या खिडकीत मांडलेलं काम पहिल्याच झटक्याला गेलं असतं. व्हीएनसीत मांडलेलं काम सर्व्हर चालू असेतो थांबून राहतं, मग लाइट आठवड्याने येवो. हे काही वादळाच्या तयारीसाठी बनवलेलं नव्हतं. केंब्रिजच्या मंडळींना एका टेबलावरून उठून दुसऱ्या टेबलावर तेच काम पुढे चालू करायचं होतं. पण कोकणात त्याचा अर्थ फार मोठा होतो.

सुरक्षेत दोन्ही घराणी कच्ची होती. एक्सची वाहतूक उघडी चालायची, आणि परवानग्यांच्या कटकटीला कंटाळून पडदा सगळ्या जगाला मोकळा करणारे कमी नव्हते. व्हीएनसीचा पासवर्ड आठ अक्षरांपुरताच, आणि चित्रं तर झाकलेलीच नसत. उपाय फिनलंडहून आला. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात जाळ्यावर पासवर्ड चोरण्याचा प्रकार घडल्यावर तातू उलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच लिहिलं. त्याच्या बंदिस्त बोगद्यातून एक्सही जातो आणि व्हीएनसीही.

पुढे एक्सचं बोलणं दाबून फेऱ्या कमी करणारं इटलीतल्या नोमशीनचं एनएक्स आलं, मंद लाइनसाठी टाइटव्हीएनसी आलं. केंब्रिजची प्रयोगशाळा एटी अँड टीकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली. तिथल्या काहींनी त्याच वर्षी रिअलव्हीएनसी काढली. २००८ मध्ये क्रिस्तियान ह्योगस्बर्ग यांनी एक्सची जागा घेण्यासाठी ‘वेलँड’ सुरू केलं. त्यात दूरवर रेघा सांगण्याची सोय ठेवलीच नाही, कारण आताचे प्रोग्राम चित्र स्वतःच पूर्ण करून देतात. मार्च २०२४ मध्ये आलेल्या ग्नोम ४६ या लिनक्सच्या डेस्कटॉपमध्ये दूरवरून थेट लॉगिन होतं ते मायक्रोसॉफ्टच्या आरडीपी या पद्धतीने, आणि तिथेही तारेवरून येतं ते तयार चित्रच.

एखादा आलेख पाहायचा, एकच खिडकी हवी, आणि लाइन चांगली आहे, तर एसएसएचमधून आणलेला एक्स आजही पुरतो. दिवसभराचं काम असेल तर डेस्कटॉप सर्व्हरवर मांडावा, त्याचं पोर्ट, बहुधा ५९०१, इंटरनेटला उघडं न ठेवता एसएसएचच्या बोगद्यातूनच घरापर्यंत आणावं, आणि आभाळ भरून आलं तरी काम चालू ठेवावं.