इनामगावची हाडे आणि गावकूस

इतिहासकारांनी आजवर ताम्रपट वाचले, बखरी वाचल्या, दप्तरे चाळली. ज्यांच्या हाती लेखणी लागूच दिली नाही, त्यांचा इतिहास या कागदांत कोठून सापडणार? सापडलाच तर वेठ, बलुते आणि दंड यांच्या नोंदीत. म्हणून मला उत्खननाचे मोल वाटते. माती जात विचारीत नाही. चूल कोणाचीही असो, तिची राख ती सांभाळून ठेवते.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. सांकळिया, ढवळीकर आणि अन्सारी यांचा अहवाल १९८८ साली निघाला. इ.स.पू. सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची ही वस्ती. शंभरावर घरांचे अवशेष मिळाले: कुडाच्या भिंती, चोपलेली जमीन, चुली, धान्याच्या कणग्या. जव हे मुख्य पीक. पुराला बांध घालून कालव्याने पाणी नेण्याची विद्याही त्यांना होती. पुढे, इ.स.पू. १००० नंतर, पाऊस ओसरला असे उत्खनकांचे मत आहे. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि अखेर गाव उठले.

या गावात समता नांदत होती असे मी म्हणणार नाही. एक घर पाच खोल्यांचे, शेजारी धान्याचे कोठार. कुंभार, सोनार यांसारख्या कारागिरांची घरे वस्तीच्या पश्चिम कडेला. प्रौढ मृतांना घोट्याखाली पाय तोडून पुरलेले. पण पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात एक पुरुष चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवलेला, त्याचे पाय शाबूत. मोठेपणा मेल्यावरही पाळला जात होता.

परंतु विषमता वेगळी आणि अस्पृश्यता वेगळी. वर्गात विद्यार्थी हमखास विचारतात, "सर, अस्पृश्यता पहिल्यापासूनच होती ना?" इनामगावच्या केरात गाईबैलांची हाडे विपुल आहेत आणि त्यांवर कापल्याच्या खुणा आहेत. म्हणजे नांगर ओढणाऱ्या समाजाचेच हे अन्न होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' या ग्रंथात मांडले, की गावाबाहेर राहणारी पांगलेली माणसे बौद्ध होती, इतरांनी गोमांस सोडल्यावरही ती खात राहिली, आणि इ.स. ४०० च्या सुमारास अस्पृश्यता जन्मली. इनामगाव हा सिद्धांत सिद्ध करीत नाही. हाडांच्या तोंडी आपली वाक्ये घालू नयेत. पण 'हे अनादि आहे, धर्माइतकेच जुने आहे' हा दावा मात्र ती हाडे खिळखिळा करतात. ज्याला आरंभ आहे ते माणसाने केलेले असते. आणि माणसाने केलेले माणसाला मोडता येते.

मी देवनारला राहतो. १९२७ पासून मुंबईचा कचरा येथे येतो. १९७१ पासून येथे महापालिकेचा कत्तलखाना आहे. २०१५ च्या कायद्याने राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि कसायापासून चामडे कमावणाऱ्यापर्यंत अनेकांच्या पोटावर पाय आला. जवळच्या जनता कॉलनीतली माणसे १९७६ साली, आणीबाणीत, उठवून चिता कँपला नेली. इनामगाव दुष्काळाने उठले, जनता कॉलनी हुकमाने. शहरालाही गावकूस असते, आणि कोणाला त्याबाहेर ठेवायचे हे आजही ठरवले जाते.

डेक्कन कॉलेजची कुदळ तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याच्या घरापर्यंत पोचली. शंभर वर्षांपूर्वीच्या महारवाड्यापर्यंत, मांगवाड्यापर्यंत कोण पोचणार? गावोगाव त्यांची जोती ढासळत आहेत. त्यासाठी कुदळ नको. टेप, वही आणि एक सुट्टी पुरे. विद्यार्थ्यांनी जोती मोजावीत, नकाशा काढावा, पाणवठा गावाच्या विहिरीपासून किती पावलांवर होता ते लिहावे, आणि कोणाची चूल कोठे होती हे म्हाताऱ्या आयाबायांना विचारावे. त्या आहेत तोवरच हे काम होणार आहे.