रीडायरेक्ट स्क्रिप्ट

मागितलेले वेबपान उघडत असताना ब्राउझरला परस्पर दुसऱ्याच पत्त्यावर नेणारी, बहुधा जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेली छोटी आज्ञावली. स्थलांतरित संकेतस्थळे हेच तंत्र रीतसर वापरतात. जुगार, खोटी बक्षिसे किंवा बनावट ‘अपडेट’ यांच्या पानांवर नेणारी स्क्रिप्ट आढळली, की अँटिव्हायरस ‘जेएस/रीडायरेक्टर’ अशा नावाने इशारा देतो.

इशाऱ्याचा अर्थ : इशारा आला म्हणजे संगणक बाधित झालाच, असे नाही. पुष्कळदा स्क्रिप्ट संकेतस्थळावर असते आणि ती ब्राउझरच्या कॅशेत उतरतानाच अडवली जाते. फाइल क्वारंटाईन करूनही त्याच स्थळावर इशारा पुन्हा येतो, तो यामुळे. म्हणून आधी ठिकाण शोधावे. वेगवेगळ्या उपकरणांवर व जोडण्यांवर एकाच स्थळापुरता इशारा येत असल्यास दोष बहुधा त्या स्थळाचा असतो. एकाच ब्राउझरमध्ये अनेक स्थळांवर तो येत असल्यास एक्स्टेन्शन तपासावीत. घरातील सर्व उपकरणे भरकटत असल्यास राउटरमधील डीएनएस (स्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणारी यंत्रणा) पाहावा.

पॉलिफिल प्रकरण : जुन्या ब्राउझरना नव्या सुविधा पुरवणारी पॉलिफिल ही स्क्रिप्ट असंख्य संकेतस्थळे थेट polyfill.io या पत्त्यावरून घेत असत. फेब्रुवारी २०२४ मध्ये हे डोमेन फननल या कंपनीकडे गेले. मूळ प्रकल्पाचे कर्ते अँड्र्यू बेट्स यांनी तेव्हाच ती स्क्रिप्ट काढून टाकण्याचा सल्ला दिला होता. २५ जून २०२४ रोजी सॅनसेक या सुरक्षा संस्थेने एक लाखाहून अधिक स्थळांवरून ही स्क्रिप्ट मोबाइलधारकांना सट्टेबाजीच्या पानाकडे वळवत असल्याचे जाहीर केले. नव्या चालकांनी आरोप नाकारले. दोनच दिवसांत डोमेन निलंबित झाले. स्क्रिप्ट ठरावीक वेळीच चाले, स्थळाचा व्यवस्थापक दिसल्यास गप्प राही आणि भेटी मोजणारी सेवा आढळल्यास विलंब करी. त्यामुळे ‘आमच्याकडे नीट उघडते’ हे व्यवस्थापकाचे उत्तर पुरावा ठरत नाही. वाचकाची तक्रार गांभीर्यानेच घेतली पाहिजे. बाहेरील फाइलचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेली ओळखखूण, ताडून पाहण्याची सोय ब्राउझरमध्ये असते. पण पॉलिफिल प्रत्येक ब्राउझरला वेगळा मजकूर पाठवत असल्याने ती येथे निरुपयोगी होती.

निवारण : वापरकर्त्याने कॅशे रिकामी करावी, अनोळखी एक्स्टेन्शन आणि नोटिफिकेशनच्या परवानग्या काढाव्यात, मग पूर्ण स्कॅन करावा. इशारा येतो म्हणून अँटिव्हायरस बंद करणे किंवा ते स्थळ अपवादांच्या यादीत टाकणे घातक आहे. स्थळमालकाचे काम मोठे असते. वर्डप्रेसमध्ये थीमच्या फाइली, .htaccess आणि डेटाबेस तिन्ही पाहावे लागतात. दिसलेली ओळ पुसून भागत नाही. शिरकावाची वाट, म्हणजे जुने प्लगइन, चोरलेला पासवर्ड किंवा बनावट ॲडमिन खाते, उघडी राहिल्यास स्क्रिप्ट परतते. स्वच्छतेनंतर पासवर्ड बदलून, गूगलने स्थळाला धोकादायक ठरवले असल्यास सर्च कन्सोलमधून फेरतपासणी मागावी.

डीएनएसमार्गे वळवणे : ही स्क्रिप्ट नव्हे, पण लक्षण तेच. डीएनएसचेंजर या मालवेअरने सुमारे ४० लाख संगणक बाधित केले होते. एफबीआयने त्यामागचे जाळे नोव्हेंबर २०११ मध्ये मोडले.

भारतातील साधने : सर्ट-इन या सरकारी संस्थेचे सायबर स्वच्छता केंद्र (२०१७) बाधित संगणकांसाठी मोफत साधने देते. त्यांत सी-डॅकचे ब्राउझर जेएसगार्ड हे एक्स्टेन्शन घातक जावास्क्रिप्टविषयी इशारा देते, तर पुण्याच्या क्विक हीलचे साधन बॉट काढण्यासाठी आहे.